मिलच्या फाटकावरचे सहा फोटो

बाबा, परवा मी आपला कॅमेरा दुरुस्तीला घेऊन गेले होते. आजोबांनी महूला फौजेत असताना एका साहेबाकडून घेतलेला, तोच. दुरुस्तीवाल्याने शेजारी हुबेहूब तसाच दुसरा ठेवला. "दीदी, ये बाद का मॉडल है. इसमें कैप लगी हो तो बटन दबता ही नहीं." त्यात उजेड मोजणारी काच लेन्सभोवतीच असते, कॅपखाली अंधार झाला की बटण अडतं; आपल्या मॉडेलमध्ये ती लेन्सपासून दूर, वर आहे. लेन्सवरची कॅप तशीच राहिली तरी बटण खुशाल दाबलं जातं, आणि बघायची खिडकी वेगळी, म्हणून डोळ्याला सगळं लख्ख दिसतं. आपल्या कॅमेऱ्याची ही खोड तुम्ही जेवताना शंभरदा सांगितली असेल. "पहिले कॅप काढायची, मग डोळा लावायचा. ध्यान कुठे असतं तुझं?"

ध्यान माझं माझ्याकडेच होतं. मिल बंद झाली त्या दिवशी तुम्ही मला फोटो काढायला फाटकावर बोलावलंत. खात्यातली सगळी माणसं दोन रांगांत उभी, मधे तुम्ही, इस्त्रीच्या शर्टात. मी कॉलेजात जाणारी. कोणी मैत्रीण बघेल या धास्तीने सहा फोटो भराभर उरकले. तुमचे खात्यातले जोडीदार काका हसले, "आराम से बेटा, हम कहाँ भागे जा रहे हैं?"

रोल धुऊन आला. आधीचे आईचे स्वयंपाकघरातले फोटो छान, फाटकावरचे सहाही कोरे. निगेटिव्हची पट्टी उजेडात धरून तुम्ही विचारलंत, "कॅप काढली होती ना?" मी हो म्हणाले. वर, तुमचा कॅमेराच खटारा आहे, असंही ऐकवलं. काका फोटो मागायला आले तेव्हा मी चहा घेऊन दारातच होते. "रोल मैंने ही गलत डाल दिया था, भिया," तुम्ही म्हणालात. तोवर कोणी देपालपूरला शेतीवर गेलं होतं, कोणी सुरतेला. ती माणसं पुन्हा एकत्र उभी राहिली नाहीत.

हा कागद आता कॅमेऱ्याच्या कव्हरातच ठेवते, तुम्ही गेल्यावर दुसरा पत्ता नाही. खोटं तुम्ही ओळखलं होतंत, हे मला तेव्हाच कळलं. पण एक तुम्हालाही ठाऊक नव्हतं. तिथेच, कॅमेरा कव्हरात घालताना, लेन्सवर तशीच राहिलेली कॅप माझ्या बोटाला लागली होती. मान वर केली तर तुम्ही सगळे अजून तसेच दोन रांगांत, कोणी हललंसुद्धा नव्हतं. मी कव्हरचं बटण लावलं आणि म्हणाले, "झाले, चला."