वापरात नसलेला संच

सोमवार, ४
नवी नोकरी, नवी खुर्ची. खुर्ची कुरकुरते, मी नाही. तिसरा मजला, खिडकीखाली बसथांबा. दुपारी चिऊची शाळेची बस तिथंच थांबते आणि आमची पाच वर्षांची बया वर बघून हात हलवते. नवऱ्यालाही गाव आवडलंय. आणखी काय हवं?

काम बसच्या वेळापत्रकांच्या सॉफ्टवेअरचं. ते इतरांनी लिहिलेल्या लायब्रऱ्यांवर, म्हणजे तयार कोडच्या तुकड्यांवर, उभं आहे. कुणा ग्राहकाला जुन्या आवृत्त्या लागतात, कुणाला नव्या. म्हणून एकाच मशीनवर लायब्रऱ्यांचे तीन संच आहेत: एक, दोन, तीन. ‘चालू’ नावाची खूण ज्याच्याकडे वळवावी, तो वापरला जातो. सध्या दोन. आमचे साहेब, पंचेचाळिशीतच ‘आजोबा’ नाव पडलेले, म्हणाले की खूण सकाळी जिथं असेल तिथंच ठेवून घरी जायचं. असते एकेकाची खोड.

गुरुवार, ७
मला पसारा बघवत नाही. दर शुक्रवारी चारला ‘चालू’ सोडून बाकी सगळे संच पुसणारी स्क्रिप्ट लिहिली. पुढच्या आठवड्यापासून आपोआप चालेल. आजोबा म्हणाले, नसती उठाठेव कशाला? मी हसले.

सोमवार, ११
आज खूण तीनवर विसरले. घरी गेले तर चिऊच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि खोकी. नवऱ्याला विचारलं, चिऊ कुठाय? त्यानं विचारलं, कोण चिऊ?

तशीच पळत ऑफिसात गेले. खूण दोनवर आणली. परत आले तर चिऊ पाव खात बसली होती, तोंडभर जॅम. तिला इतकं घट्ट धरलं की रडली. कानाला खडा.

शुक्रवार, १५
ग्राहकाचा फोन लांबला. मी तीनवर होते. घड्याळाकडे लक्षच नव्हतं.

चार वाजले. संच एक आणि दोन पुसले गेले. माझ्याच हातानं.

शनिवार, १६
आवृत्त्यांची यादी सापडली! सकाळपासून दोन पुन्हा बांधतेय. एकच लायब्ररी मिळेना, तिच्या कर्त्यानं ती आवृत्ती मागे घेतलीय. मशीननं जवळची घेतली. जवळचीच आहे. फरक तो काय पडणार?

खूण दोनवर. घरी निघाले.

रविवार, १७
चिऊ आहे. तोच आवाज, तेच पडलेले दात. तीळ मात्र दुसऱ्या कानावर.

मला बघून ती बापाच्या मागे लपली. त्यानं विचारलं, कोण हवंय तुम्हाला? आतून एक बाई केस पुसत आली. चिऊ तिला आई म्हणाली.

मला काकू.

बुधवार, २०
लॉजवर राहतेय. ऑफिसचं कार्ड चालत नाही. रखवालदार ओळखत नाही. माझ्या खुर्चीवर तीच बाई बसते. पसारा तिलाही बघवत नाही म्हणे.

शुक्रवार, २२
बसथांब्यावर बसलेय. आजोबा खाली आले होते. सगळं ऐकून घेतलं, खोटं ठरवलं नाही. एवढंच म्हणाले की दोनवरचं काम संपलंय, साडेतीनला ती बाई खूण तीनवर नेणार. चारला सफाई. जुन्या याद्याही तिनं काढून टाकल्यात. मी पाया पडले. ते म्हणाले, माझाही मुलगा एकमध्ये होता. आणि वर गेले.

तीन पंचवीस. रखवालदार फाटक उघडत नाही. ओरडले. वर ती खिडकीशी उभी — वाट बघतेय, लेकीची — तिला माहीतच नाही —

बस आली. चिऊ उतरली. वर बघून हात हलवला. मग माझ्याकडे वळली. हसली. काकू, म्हणाली, तुम्ही का रड