पळसाखालचे दगड

४ फरवरदी, १३४९ फसली (इंग्रजी फेब्रुवारी १९४०)
जिंतुराहून बैलगाडीने डोंगराखाली पोचलो. हवा अशी की अंगातला शीण उतरावा. जत्रेला आणि गार वाऱ्याला इथं लांबून लोक येतात, साहेबलोकही. म्हणून वर जाणाऱ्या तिन्ही पायवाटांना चुन्याच्या खुणा आणि तिसरीला दगडी पायऱ्या, असा गुत्ता, सरकारी ठेका, मला मिळाला. लहानपणी खडी फोडली, आता फोडून घेतो. मुक्काम बायनाबाईकडे. माझं पोट बघून म्हणाली, "गुत्तेदार, तुमी चढून जाणार, का डोंगरालाच खाली बोलवायलाय?" हसलो आणि एक भाकरी जास्त खाल्ली.

५ फरवरदी
वाट दाखवायला तिचा लेक बन्सीधर. गुरवाट लांबची पण सोपी. पाणवाट झऱ्याकाठची, सावलीची. उभी वाट नावासारखीच. तिन्ही एका पळसापासून फुटतात. पळसाखाली दगडांचा ढीग. वर जाणाऱ्यानं एक दगड ठेवायचा, उतरल्यावर आपला उचलून ओढ्यात टाकायचा. मी पांढऱ्या शिरेचा ठेवला, उतरल्यावर ओढ्यात टाकला. बन्सीधर रोजचा, त्याचा तांबडा दगड ठरलेला. उतरला की खिशात. मग हे बाकीचे कुणाचे? "न्यायला आले न्हाईत त्यांचे," तो म्हणाला. मी मात्र बघत होतो, दगड कसे सपाट, जणू पायऱ्यांसाठीच घडवलेले.
पोरगा डावी टाच घासत चालतो. गाढवं हाकायचो तेव्हा पाय ऐकून जनावर ओळखायचो. कान अजून तसेच आहेत.

८ फरवरदी
बन्सीधर सकाळीच तांबडा दगड ठेवून, चुन्याचा डबा घेऊन वर गेला. खाणीतला दगड आला नाही. तालुकदारसाहेबांची पाहणी चार दिवसांवर. मजुरांना म्हटलं, पळसाखालचा ढीग फोडा. कुणी हात लावीना. मग पहिला हातोडा मीच घातला. उन्हं कलेपर्यंत उभ्या वाटेच्या खालच्या चढाला सात पायऱ्या बसल्या. तांबडा दगड ओळखला तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले होते. तिसऱ्या पायरीत दाबून टाकले.
दिवस मावळला. बन्सीधर उतरला नाही.

९ फरवरदी
गावानं तिन्ही वाटा धुंडाळल्या. माथ्यापर्यंत चुन्याच्या खुणा आहेत, पोरगा नाही. बायनाबाईनं विचारलं, "गुत्तेदार, माझ्या लेकाचा दगड कुठं हाय?" मी पाहिला नाही म्हणालो. खोटं बोलताना माझी जीभ कधी अडखळत नाही. आज अडखळली.

१० फरवरदी
मजूर पळाले. भर दुपारी पायऱ्यांपाशी एकटाच बसलो होतो. वरून पाय वाजले. डावी टाच घासत. बन्सीधरच! उठलो. त्याच्यामागं आणखी पाय, अनवाणी, कितीतरी. एकाची काठी. सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत आले. थांबले. वळले आणि वर गेले.
पायऱ्यांवर ऊन तेवढं होतं.

११ फरवरदी
सकाळी बायनाबाई तिसरी पायरी तळव्यानं पुसत बसली होती. तांबडी कड उघडी पडलेली. मी म्हणालो, लेकाला घेऊनच येतो. ओढ्यातून माझा पांढऱ्या शिरेचा दगड हुडकून पळसाखाली ठेवला, लक्ष ठेवा म्हटलं.
"ठेवते की. हातातच धरून बसते."

११ फरवरदी, दुपार, माथ्यावर
वही बंडीच्या खिशात होती म्हणून लिहितो. बन्सीधरच्या खुणा ओल्या आहेत. तीन दिवस झाले — अजून ओल्या. बोटाला चुना लागला.

गुरवाटेनं उतरलो. माथ्यावर आलो.

पाणवाटेनं — माथा.

उभी वाट. पायऱ्या दिसतात. वरच्या पायरीवर पाय टाकतो आणि —
पुन्हा इथंच.

मागं टाच घासते. बोल बाबा, बन्सीधर. नुसता माझ्यामागं थांबतो. बाकीचेही.

खाली पळस दिसतो. बायनाबाईही. ओरडून सांगितलं, मीच फोडला, मीच. तिनं मान वर केली. एका हातात माझा दगड. दुसऱ्यात हातोडा — माझाच —

शिरेचा दगड एका घावात फुटत नाही. दोन लागतात. जन्मभर फोडलेत मी.

एक घाव वाजला.

बायनाबाई, थांबा — तुमचा लेक इथंच, माझ्या पाठीला —