गेनूचं फडकं आणि पासलीची गाडी

कापूरहोळ,
नोव्हेंबर २००१

वडीलधारे सरफराज दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे उस्मानचा, अदबीनं सलाम.

आपाला सलाम, पोरांना दुवा. वाईला थंडी पडली असेल, तेव्हा पेंटिंगच्या शेडमध्ये उघड्या छातीनं उभं राहू नका. तुमचा खोकला मी परवा फोनवर ऐकला आणि तेव्हाच ओळखलं की हा थंडीचा नाही, थिनरचा आहे. (कान माझे अजून शाबूत आहेत. चढावर येणाऱ्या ट्रकचा क्लच कधी जाणार, हे मी चहा पिता पिता सांगतो. त्यामुळे ड्रायव्हर लोक माझ्यासमोर गाडी बंद करून, ढकलत नेतात.) इकडे सगळे खुशाल आहेत. जमीला बरी आहे, आमच्या पोरीच्या, महेजबीनच्या, लग्नाची तयारी ईदनंतरच्या तारखेच्या हिशोबानं चालली आहे, आणि माझं वजन वाढलं आहे असं शिंपी म्हणतो. गॅरेज बरं चाललंय. पत्र्याच्या टपरीत एक पाना घेऊन बसलो होतो तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, की हायवेला बसलास तर उपाशी मरणार नाहीस. ते खरं ठरलं. आता जे सांगतो ते शांतपणे, शक्यतो बसून वाचा.

होळीनंतर मी वेल्ह्याच्या वर पासलीला गेलो होतो. तिथं हनुमंत म्हणून एकाची भात गिरणी आहे आणि तिचं डिझेल इंजिन हट्टाला पेटलं होतं. इंजिन उघडून बसलो होतो. शेजारी पेंढ्याची खोप. तिच्यात कोंबडी उडी मारून कशावर तरी बसली आणि आवाज आला. दाजी, पिंपाचा आवाज वेगळा, छपराच्या पत्र्याचा वेगळा. हा जाड, जुन्या, हातानं ठोकून वळवलेल्या पत्र्याचा आवाज होता. मी पाना खाली ठेवला. हनुमंतच्या आईला, रतनबाईंना, विचारलं, मावशी, आत काय आहे?

"कोंबडी अंड्याला बसती."

"अन् कोंबडीच्या खाली?"

"सायबाची गाडी हाय," त्या म्हणाल्या, जसं काही प्रत्येकाच्या पेंढ्यात एक असतेच.

पेंढा उपसला. खाली एमजी! विलायती, दोनच माणसांची, बिनछपराची, तारांच्या चाकांची, लांब नाकाची, आणि रंग बाटलीसारखा हिरवा. (तुमचा हात आत्ता रंगाच्या स्प्रे गनकडे गेला असणार. थांबा.) फार पूर्वी कोणी एक इंजिनिअर साहेब या गाडीतून मढे घाटानं कोकणात उतरायला निघाला होता. घाटाला रस्ता नाही हे गावातल्या प्रत्येकानं त्याला सांगितलं, आणि त्यानं प्रत्येकाला इंग्रजीत उत्तर दिलं. ओढ्यात आस मोडला. रतनबाईंचे सासरे चिमाजी यांनी बैल जोडून गाडी घरी ओढून आणली. साहेबाचं पुढं परदेशी जायचं ठरलं, तेव्हा तो येऊन गाडी चिमाजींनाच रीतसर देऊन गेला, कारण पासलीतून ती खाली न्यायची म्हणजे पुन्हा बैलच जोडावे लागले असते.

आता शेतकऱ्याच्या घरात चालत नसलेली गाडी आली तर तो काय करील? चिमाजींनी तिला बैल मानलं. पावसाळ्याआधी तिला सगळीकडून करंजाचं तेल चोपडायचं, पोळ्याला दिव्यांच्या कडांना हिंगूळ लावायचा (तोच, बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल रंग), पुरणपोळीचा घास बॉनेटवर ठेवायचा. तो कोंबडी खायची, पण मान गाडीला मिळायचा. तेलानं आणि चुलीच्या धुरानं पत्र्याला गंजानं तोंड लावलेलं नाही. आणखी एक रीत पडली होती. घरात नवं लग्न झालं की नवरानवरीला आधी देवाच्या पाया पाडायचं आणि मग या गाडीत बसवायचं. जागा दोघांचीच. त्या घरात सासूला बसता येणार नाही अशी जागा तेवढी एकच होती, आणि सगळ्या सुना तिच्यात फार वेळ बसायच्या.

रतनबाईही बसल्या होत्या, आपल्या सोनबांबरोबर. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला सोनबांनी बैलाच्या पाठीवर उठवतात तसा हिंगुळाचा पंजा गाडीच्या दारावर उठवला. सोनबा आता नाहीत. पंजा आहे.

हनुमंतला खोप पाडून तिथं स्लॅबचं घर बांधायचं होतं आणि गाडी भंगारवाल्याला द्यायची होती. म्हातारीनं मला बाजूला घेतलं. "तुमी न्या. पर तिला नवी करू नगा. त्यो हात जाऊ देऊ नगा. तुमचा धंदा मला ठावं हाय, तुमी मंडळी जुन्याला जुनं ठिवत न्हाई." मी शब्द दिला. बदल्यात गिरणीचं इंजिन मी जिवात जीव आहे तोवर बघायचं, असं ठरलं. (इंजिनाची तब्येत पाहता ते मला पुरून उरणार.)

टेम्पोत घालून गाडी खाली आणली तेव्हा वेल्ह्याच्या बाजारात अर्धा तास अडकलो. एकानं विचारलं, ही लहान का राहिली? दुसऱ्यानं सांगितलं, पाणी कमी पडलं असेल. पण खरा त्रास गॅरेजात सुरू झाला. जो येई तो रंग सुचवी. ढाबेवाला म्हणाला, भगवी करा, लांबून दिसेल. मौलवीसाहेब म्हणाले, हिरवी आहेच, फक्त गडद करा. जमीला साबणाची पावडर आणि काथ्या घेऊन दोनदा तिच्या अंगावर गेली. आमचा पेंटर गेनू तर रोज सकाळी लांबीचा, म्हणजे लुकणाचा, डबा उघडून पोचे भरायला तयार. पोचा दिसला की त्याचा हात आपोआप जातो, तुमच्याच हाताखाली शिकलेला आहे. शेवटी पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन गृहस्थ आले. हात पाठीमागं बांधून गाडीभोवती फिरले, म्हणाले, रंगवलेल्या शंभर मिळतील, अशी राहिलेली मिळत नाही, हिला हातही लावू नका. गेनूनं हे इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवशी सीटवर मांजर व्याली तरी त्यानं तिला हात लावला नाही.

मग दसरा आला. तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडं दसऱ्याला सगळ्या गाड्या आणि हत्यारं धुऊन पुजतात. पूजा गेनू करतो, पेढे मी आणतो, आणि हे टपरीपासून चालत आलंय. सकाळी मी घरात दाढी करत होतो. अर्धा गाल झाला असेल, तेवढ्यात कानावर आवाज आला. खस, खस, खस. फडकं. रॉकेलचं फडकं. कोरडं फडकं असं ओलं घासत नाही, आणि ट्रकच्या पत्र्यावर असं मऊ वाजत नाही. मी वस्तरा टाकून, तोंडाला फेस, लुंगीवर हायवे ओलांडला. एका लक्झरी बसनं माझ्यासाठी ब्रेक मारला. (पुढचे लायनर संपलेत त्याचे. मी पळता पळता ओरडून सांगितलंसुद्धा.)

"गेन्या, थांब!"

गेनू थांबला. "शेठ, दसऱ्याला घाण कशी ठेवायची? गाडीला काय वाटंल?"

पंजाची करंगळी गेली होती. चार बोटं आणि तळवा शाबूत, करंगळीच्या जागी नुसता हिरवा पत्रा. गेनू रडायच्या बेताला आला. मी त्याला रागावणार होतो, पण अर्ध्या फेसात माणसाला नीट रागावता येत नाही. जमीला म्हणाली, "तेवढं एक बोट गेनूकडनं काढून घ्या की. म्हातारीला काय कळतंय?" हिंगूळ वेल्ह्यात मिळतो, गेनूचा हात सफाईचा आहे, खरोखर कोणाला कळलं नसतं. मी तिला म्हटलं, मला कळेल. आणि पासलीची एस.टी. धरली. पूर्ण वाटेत, कसं सांगावं याचे सहा प्रकार जुळवले.

रतनबाई भात वाळत घालत होत्या. सहाही प्रकार विसरलो. म्हटलं, "मावशी, शब्द मोडला. हाताची करंगळी पुसली गेली."

त्यांनी ओंजळीतलं भात खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "करंगळीच का? दुसरं बोट न्हाई ना?"

"नाही. तेवढीच."

आणि म्हातारी हसायला लागली, दाजी. पदर तोंडाला लावून, भातावर बसून. "अवं, करंगळी त्यास्नी नव्हतीच! कापणीत इळ्यानं गेलेली. मला बघाया आले तवा सारा येळ हात खिशात. लगीन झाल्यावर त्या गाडीत बसलो तवा मला कळलं. पोळ्याला चार बोटांचा पंजा उठला, तशा साऱ्या बाया हसाया लागल्या. मग म्या माझ्या बोटानं पाचवं काढलं." डोळे पुसून म्हणाल्या, "मंजी तुमच्या गेनूनं माझं पुसलं, त्यांचं न्हाई. र्‍हाऊ द्या आता. हाय तसा दिसू दे त्यांचा हात."

मी परत निघालो तेव्हा त्या माझ्याबरोबर खाली आल्या. गॅरेजच्या दारात चप्पल काढली, गाडीपाशी गेल्या, चार बोटांवर आपला हात ठेवून उभ्या राहिल्या. मग गेनूला म्हणाल्या, "लेकरा, आता हितं थांब. पुढं पुसायचं न्हाई." गेनूनं फडकं खिशात घातलं. (रॉकेलचंच. त्याची पँट अजून वास मारते.)

तर असं आहे. गाडी चालत नाही, बहुधा चालणारही नाही. पण संध्याकाळी गिऱ्हाईक गेल्यावर मी स्टूल टाकून तिच्याकडं बघत बसतो. आयुष्यभर जुन्याचं नवं करून खाल्लं, आता एका गोष्टीला काहीच न करायचं काम मिळालंय आणि ते मला फार आवडतंय. आपाला दोन्ही वेळा गोळी घ्यायला सांगा.

तुमचा,
उस्मान

ता. क. लग्नाला आठ दिवस आधी या, पण गन घरी ठेवून या. जमीलानं तुम्हाला परस्पर फोन करून "वरातीसाठी गाडी चकाचक करा" म्हटल्याचं मी शेजारच्या खोलीतून ऐकलं आहे. मागच्या वेळी तुम्ही पाण्याचा पंप, जिन्याचा कठडा आणि तिचं शिलाई मशीन निळं करून गेलात. पंप चालतो. मशीन तेव्हापासून टाका सोडतं.

ता. क. २. जमीलानं हे पत्र वाचलं. ती म्हणते, महेजबीनला द्यायचं लोखंडी कपाट रंगवायचं आहे, तेव्हा गन आणाच. ठीक, आणा. एस.टी.तून उतरलात की ती माझ्या हातात द्यायची.

ता. क. ३. हे जमीलाला न दाखवता लिहितोय. त्या कपाटाला गाडीचाच हिरवा मारून दाखवाल का? उन्हानं विटलेला, धुरानं मुरलेला, कडांना पातळ झालेला, अगदी तस्सा. मला वाटतं, वाईत काय, पुण्यातही कुणाला जमणार नाही. तुम्हाला जमलं तर बघा. जमेपर्यंत रोज गाडीसमोर बसून तिच्याकडं नुसतं बघावं लागेल, एवढीच अडचण आहे. तुमच्यासाठी दुसरं स्टूल आणून ठेवलंय.