वरची फळी, खालची फळी आणि बाबा

ती. स्व. ताईस,

साष्टांग नमस्कार. (तीर्थस्वरूप पूर्ण लिहिलं की तुला म्हातारं झाल्यासारखं वाटतं, म्हणून आखूड केलंय. नमस्कार मात्र पूर्ण आहे.) तुझी कंबर, भाऊजींचं ब्लडप्रेशर आणि तुम्हा दोघांचा खिडकी उघडी ठेवण्यावरून चाललेला वाद, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक. म्हणजे बाबा ठणठणीत आहेत आणि मी आहे.

तू विचारलंस, महिनाअखेर बाबांचा तुझ्याकडे राहायचा नंबर लागतोच आहे, तर थोडं आधी घेऊन जाऊ का? ने. खुशाल ने. हे पत्र हातातून खाली ठेव आणि तिकीट काढ. का, ते सविस्तर सांगतो, म्हणजे मला कुणी कृतघ्न म्हणायला नको.

माझं काम तुला कधी समजलं नाही याबद्दल माझी तक्रार नाही, पण आज थोडं समजून घ्यावं लागेल. रोपाला पाणी मिळेनासं झालं की ते ओरडत नाही, गुपचूप अंगात प्रोलिन नावाचा पदार्थ साठवू लागतं. त्याने पेशी जरा तग धरतात, आणि पाणी परत मिळालं की तोच साठा मोडून रोप पुन्हा उभं राहायची ताकद मिळवतं. हा पदार्थ आपल्यातही असतो. कातडी, स्नायुबंध, भरत आलेली जखम, सगळीकडे त्याची गरज लागते. वाईट एवढंच की कॅन्सरच्या काही पेशीही अडचणीच्या काळात त्याच्यावरच निभावून नेतात. हे मी बाबांना समजावलं तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, "म्हणजे आपला-परका बघत नाही. येईल त्याला वाढतो. मेस अशीच चालवायची असते." (होस्टेलची मेस चालवणं सोडून त्यांना इतकी वर्षं झाली, पण जगातली कुठलीही गोष्ट शेवटी तिथेच जेवायला येते.)

तर माझा प्रयोग असा. हरभऱ्याच्या कुंड्या, दोन फळ्या. वरच्या फळीला रोज पाणी, खालच्या फळीला थेंबही नाही. मग दोन्हीकडची पानं कुटायची, अर्कात औषध घालायचं, नळ्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या, बर्फात गार करायच्या. प्रोलिन जितकं जास्त तितका रंग गडद लाल. वरच्या फळीच्या नळ्या फिकट आणि खालच्या लालभडक आल्या की लॅबच्या प्रमुख मॅडम खूश, पैसे देणारी समिती खूश, आणि माझी नोकरी पुढे चालू. नाही आल्या तर मी मोकळा, म्हणजे बेकार, हे तुला माहीत आहेच.

नेमका तेव्हाच मला ताप भरला. लॅबमधले बाकीचे सुट्टीवर. शेवटी मी बाबांना लॅबचा पास काढून दिला आणि अंथरुणातून बजावलं की वर पाणी घाला, खाली अजिबात नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "खालच्यांनी काय केलंय?" तापात होतो, कूस वळवून झोपलो. तिथेच चुकलं.

बरा झाल्यावरही पाण्याचं काम बाबांकडेच राहू दिलं आणि मोठ्या उत्साहाने पानं कुटली. ताई, सगळ्या नळ्या एकसारख्या गुलाबी! वरची काय, खालची काय, ओळखू येईना. मी औषधाला शिव्या दिल्या, ते ओतून नवीन केलं. पुन्हा गुलाबी. वजनकाट्यावर संशय घेतला, बर्फावर घेतला, एकदा तर स्वतःच्या डोळ्यांवर घेऊन डॉक्टरकडे जाऊन आलो. (चष्म्याचा नंबर वाढलाय, पण गुलाबी ते गुलाबीच.) मग एका सकाळी रोपांच्या खोलीत लवकर गेलो, तर बाबा शर्टाच्या बाह्या वर करून खालची एक कुंडी दोन्ही हातांनी वर चढवत होते आणि वरचीला समजावत होते, "तुझं काल झालं ना? आता त्याला बसू दे."

त्यांनी माझा शब्द मोडला नव्हता. पाणी फक्त वरच्याच फळीला घातलं होतं. फक्त फळीवर कोण बसणार हे रोज बदललं होतं, ज्या टेबलाला काल शेवटी वाढलं त्याला आज पहिलं, या मेसच्या हिशेबाने. आणि मी शहाण्याने चिठ्ठ्या कुंड्यांना न लावता फळ्यांना लावल्या होत्या!

मी खूप ओरडलो. नको ते बोललो. ते न जेवता बाहेर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मला न सांगता इस्त्रीचा शर्ट घालून मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि चूक आपली, पोराची नाही, असं सांगून आले. मॅडमनी त्यांना बसवून घेतलं, सगळी पद्धत विचारली. मग मला बोलावून त्या एकसारख्या नळ्या माझ्यापुढे धरल्या आणि म्हणाल्या की तुझ्या हातून आजवर दोन नळ्या जुळल्या नाहीत, यांच्या सगळ्या जुळल्या. त्यांनी समितीकडून दोन महिने मागून घेतलेत. प्रयोग पुन्हा करायचा, चिठ्ठ्या कुंड्यांना लावायच्या, आणि तिसरी एक फळी घ्यायची, एक दिवस तहान आणि एक दिवस पाणी अशी, ही रोपं पुढच्या तहानेला कशी वागतात ते बघायला. तिसऱ्या फळीचं काम कुणाकडे, हे तुला सांगायला नको.

असं आहे. घरात कुंड्यांच्या गप्पा, डब्यात माती, आणि मॅडम माझ्याआधी त्यांना नमस्कार करतात. माझी दया येत असेल तर लवकर ये. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : लवकर म्हणजे अगदीच लवकर नव्हे. तिकीट काढलं नसेल तर राहू दे.

ता. क. २ : खरं सांगतो. सकाळी लॅबला निघताना बाबा बूट घालता घालता गुणगुणतात. आई गेल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला ते इथे हवे आहेत, नोकरीसाठी हवेत आणि तसेही हवेत. मी त्यांना म्हटलं, अजून दोन महिने राहा. म्हणाले, "नाही. ताईचा नंबर आहे. तिच्या वाट्याचं तिला मिळालं पाहिजे." (वाट्याचं म्हणजे ते स्वतः.) डोळ्यांत पाणी होतं, तरी बॅग भरायला घेतली. समोर कुणीही असो, त्यांचा नियम मोडत नाही हे तू जाणतेस.

ता. क. ३ : म्हणून एक विनंती. तू स्वतः फोन करून सांग की तुझ्याकडे रंगकाम काढलंय, दोन महिने घरात पाय ठेवायला जागा नाही. तुझी अडचण म्हटली की ते थांबतील. तुझ्या वाट्याचे दोन महिने मी मागतोय हे मला कळतं, आणि तू देशील हेही. फक्त कुठला रंग देतेयस ते भाऊजींशी आधी ठरवून घे. बाबा तुला विचारतील, आणि मग भाऊजींना वेगळं विचारतील.