मागे घर नाही

४ मे १९८६, रविवार
मामाने लंडनहून पाठवलेला खेळ आज उघडला. पटावर किल्ला, राक्षस, सरदार, जादूगार. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून पंच मी. माझ्या बी.ए.चा उपयोग झाला म्हणे!
दादा आणि विलास खेळले. वि. दादाचा कॉलेजातला दोस्त. दर रविवारी येतो. आता कोणासाठी येतो ते आईबाबांनाही ठाऊक. त्याच्या बहिणीचं लग्न उरकलं की मागणी येईल. दादानेच जमवलं हे.

११ मे
भांडण. दादाचा सरदार बुरुजाच्या कोपऱ्यात, समोरून वि.च्या राक्षसाचा हल्ला. फासे सारखे पडले. पुस्तक म्हणते, बरोबरी झाली तर ज्याच्यावर हल्ला झाला त्याने एक घर मागे सरावं. मागे तर भिंत!
वि. : "जगह नाही तर मेला. सीधी बात."
दादा : "काहून मरन? जागा नसन तर तिथंच राहीन."
दोघं माझ्याकडे पाहू लागले. पुन्हा पुन्हा वाचलं. दोन्ही अर्थ निघतात. तसं सांगितलं. कोणालेच पटलं नाही.

१२ मे
डिक्शनरी पाहिली. माघार म्हणजे माघार. एवढं मलेही येते.

१८ मे
पट तसाच मांडलेला. दादा कोणाले हात लावू देत नाही. नवा डाव मांडा म्हटलं, तर नाही. शेवटी कंटाळून म्हटलं, मेला असन सरदार.
दादा उठला. "हौ! आताच त्याच्या घरची झाली तू!"
आई चहा घेऊन दारात. वि. लालेलाल. "खेळात तिले काहून ओढतो बे?"
मग आवाज चढले, पट उलटला. वि. चपला घालून गेला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

२५ मे
आला नाही. दादा म्हणतो, त्याने यावं. वि.ची बहीण बाजारात भेटली. "भैया म्हणतो, त्यानं बोलवावं." आता मी काय...

१ जून
दादाले म्हटलं, मी चुकीचं वाचलं होतं, सरदार जिवंत आहे.
"खरंच तसं लिहिलंय?"
खोटं बोलवलं नाही. "लिहिलंच नाही रे काही."
ताट सोडून उठला.

८ जून
रामपायलीले वि.च्या बहिणीचं लग्न झालं. दादा गेला नाही, म्हणून बाबाही नाही. मले कोणी विचारलंच नाही.

१५ जून
पुढच्या रविवारी किरनापूरहून मले पाहायले येऊन राह्यले. मुलगा मास्तर आहे. दादाले विचारलं, तुले काहीच म्हणायचं नाही? "बाबा पाहतील."
संध्याकाळी वि. सायकलवर घरासमोरून. दादा ओट्यावर बसलेला. वि.ने ब्रेक लावला, एक पाय खाली टेकला. दादा उठून आत आला नाही. मी खिडकीत. आई मागून हाका मारत होती, साडी कोणती नेसणार म्हणून. मी खिडकी सोडली नाही. वि.चा पाय अजून जमिनीवरच होता.