नऊ खळगे

प्रिय दादा,

आधी घडलं ते, क्रमाने.

१. गेल्या सोमवारी सकाळी दहा वाजता कारखान्यातल्या तीन नंबरच्या पंख्याचं बेअरिंग जाम झालं.
२. पट्टा तुटून शेजारी काम करणाऱ्या चष्मेकाकांच्या उजव्या हातावर बसला. त्यांची दोन बोटं गेली.
३. दुपारी बाबांनी साहेबांना लिहून दिलं, ‘ग्रीस भरायचं राहिलं. चूक माझी.’
४. मंगळवारी ते बेअरिंग तपासायला माझ्या टेबलावर आलं. इथे हे काम करणारी मी एकटीच, तुझी ‘मोजपट्टी’.

घरी सगळं वेळेवर चालू आहे. आई वाढते, बाबा ‘पुरे’ म्हणतात, तेवढंच बोलणं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी बेअरिंग रॉकेलने धुतलं, कापलं आणि भिंगाखाली धरलं.

बाबांनी आपल्याला ती जड लोखंडी पेटी ढकलायला लावली होती, आठवतं? आपण लालबुंद झालो, पेटी तसूभर हलली नाही. मग त्यांनी फरशीवर तुझ्या गोट्या पसरल्या, वर फळी ठेवली, फळीवर तुला बसवलं आणि एका बोटाने ढकललं. घासत जाण्यापेक्षा गडगडत जाणं सोपं, म्हणाले. दोन कडी आणि मधे गोळ्या, बेअरिंग म्हणजे एवढंच. तू आपला ‘अजून एकदा, अजून एकदा’ करत बसलास. माझा नंबर आलाच नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी आपल्याला मोठेपणी शिकवली. बेअरिंग शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, चढवताना आतल्या कड्यावर नळी टेकवायची आणि तिच्यावर ठोकायचं. बाहेरच्या कड्यावर हातोडा पडला, तर सगळा मार मधल्या गोळ्यांवर जातो आणि त्या ज्या चरीतून धावतात तिच्यात खळगे पडतात. फिरवून बघितलं तर काही कळत नाही. पाच-सहा महिन्यांनी कळतं.

या बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या होत्या. चरीत नऊ खळगे आहेत, गोळीमागे एक, सारख्या अंतरावर, सगळे चरीच्या एकाच काठाला. धुण्याआधी पाहिलं होतं, ग्रीस कमी नव्हतं. उलट ठासून भरलेलं होतं, दर आठवड्याला कुणीतरी भरत असल्यासारखं.

काल चष्मेकाकांना भेटून आले. ‘तुझा बाप एक वेळ लग्नाची बायको विसरेल, ग्रीस विसरायचा नाही,’ म्हणाले आणि हसले. मी हसले नाही. त्यांचं पाणी मी ओतून दिलं. पेला त्यांनी डाव्या हाताने धरला.

सहा महिन्यांपूर्वी हे बेअरिंग बसवलं, त्या कामाच्या कार्डावर सही बाबांची आहे. पण बसवलं त्या दिवशी बाबा माझ्याबरोबर दातांच्या डॉक्टरकडे होते. तो तुझा या कारखान्यातला शेवटचा दिवस. नव्या नोकरीसाठी तुझं शिफारसपत्र साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होतं. संध्याकाळी तू हात पुसत मला म्हणालास, ‘नळी सापडेना गं, सरळ दोन हातोडे घातले. बसलं मुकाट.’ कुठल्या कड्यावर, हे मी विचारलं नाही. मला विचारायला सुचलं होतं, तरीही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पंख्याला स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावला. आतली बारीक टकटक ऐकली. मग सही केली. बेअरिंग उघडलं असतं तर तुझं काम दिसलं असतं. म्हणून ते ग्रीस भरत राहिले. परवा मी बाबांना खळग्यांचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, ‘त्याची नोकरी आत्ता कुठे पक्की झालीय.’

वीस तारखेला मला अहवाल द्यायचा आहे. बाबांना कामावर ठेवायचं की नाही, हे त्यावर ठरेल. नऊ खळगे मी लिहिणारच आहे. बाबांनी आवाज ऐकला होता आणि मी तुझं बोलणं ऐकलं होतं, हेही लिहीन. फक्त हातोडा कुणाचा, ती ओळ कोरी ठेवली आहे. ती तू लिहावीस असं मला वाटतं. नाही लिहिलीस तर मी लिहीन. अठरा तारखेपर्यंत उत्तर पाठव.

तुझीच,
मोजपट्टी