बंद दारामागचा व्यायाम

आई,

तुम्ही आंघोळीला गेलेलात आणि रिक्षा आली, म्हणून लिहून जातेय. सईजवळ शेजारच्या दिशाताई बसल्यात. मी नौपाड्याला फिजिओथेरपीला चाललेय, जेवायला घरी येते.

दुपारी मी दार लावून बसते, तो रुसवा नाही. सातव्या महिन्यापासून माझी कंबर आणि ओटीपोटाखालचं हाड दुखतंय. 'बाळंतपणात सगळ्यांचंच दुखतं' असं तुम्ही म्हणालात, मग मी बोललेच नाही. दार लावून फिजिओथेरपीच्या मॅडमनी शिकवलेले व्यायाम करत राहिले. आता गुण येतोय. आज सईला पाळण्यातून मी एकटीने उचललं.

दिपेशच्या बाळंतपणापासून तुमचीही कंबर धरते, असं बाबा म्हणाले. मॅडमना तुमच्याबद्दल विचारलंय. मंगळवारी माझ्यासोबत चला.

कल्पिता